रजा १२ जूनची, यादीत ११ जून: एका तिकिटाचं प्रकरण

रजा नोंदवण्याच्या एका वेब अ‍ॅप्लिकेशनमधलं हे प्रकरण. बग तसा लहान होता आणि सापडल्यावर दुरुस्ती जेमतेम काही ओळींची निघाली. पण ट्रॅकरमध्ये, म्हणजे बग नोंदवायच्या सिस्टिममध्ये, तो ज्या रूपात नोंदवला गेला, त्यामुळे तिकीट, म्हणजे त्या बगची नोंद, दोनदा बंद झालं आणि दोन्ही वेळा ग्राहकाचा त्रास होता तिथेच राहिला. एकदा तर वाढला. टीममध्ये ट्रायाजचं, म्हणजे आलेली तिकिटं तपासून मार्गी लावायचं, काम माझ्याकडे असल्यामुळे तिसऱ्या फेरीत तिकीट माझ्याकडे आलं आणि तोवरचं सगळं एकत्र बघता आलं: ग्राहकाची मेल, सपोर्टच्या नोंदी, कमिट (कोडमध्ये केलेल्या बदलांच्या नोंदी), रिव्ह्यूतल्या कमेंट. ते सगळं शेजारीशेजारी ठेवल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. बग शोधायला लागणारी माहिती पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच होती, फक्त ती तिकिटात नव्हती.

तिकीट जसं आलं तसं

शीर्षक होतं: "डेट फॉरमॅट फिक्स करा – अर्जंट".

वर्णन असं:

"क्लायंटला तारखा चुकीच्या दिसतायत. दिवस-महिना आणि महिना-दिवस असा फॉरमॅट मिक्स होतोय बहुतेक. सगळीकडे एकच फॉरमॅट करावा. एक्सपोर्टही स्लो आहे, तेही बघावं. क्लायंट महत्त्वाचा आहे, लवकर पाहिजे."

सोबत एक स्क्रीनशॉट. त्यात फक्त तारखांचा कॉलम, बाकी सगळं कापलेलं. कुठलं पान, कुठला ब्राउझर, कुठला यूजर, काहीच कळत नव्हतं. स्क्रीनशॉट कापण्यामागचा हेतू चांगला होता, नेमकं तेवढंच दिसावं. पण ज्या कडा कापल्या गेल्या, त्यांतच पानाचा पत्ता होता आणि कोपऱ्यातलं घड्याळही होतं. ते घड्याळ राहिलं असतं तर हे प्रकरण कदाचित इतकं लांबलंच नसतं.

आता ग्राहकाची मूळ मेल बघा. सपोर्टच्या इनबॉक्समध्ये ती सुरक्षित होती, तिकिटाला मात्र जोडलेली नव्हती. तिचा गाभा एवढाच:

"मी १२ जूनची रजा टाकली, मॅनेजरने मंजूर केली. 'माझ्या रजा' या यादीत ती ११ जून दिसते. त्या ओळीवर क्लिक केलं की आत १२ जूनच दिसते. आमच्या दुसऱ्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याने टीमच्या यादीत माझी रजा बघितली, त्याला १२ दिसते."

या माणसाला आमच्या कोडबद्दल काहीच माहीत नाही, पण त्याने उत्तम बग रिपोर्ट लिहिला आहे. एकच रजा तीन ठिकाणी कशी दिसते ते सांगितलं आहे आणि आपलं मत कुठेही घातलेलं नाही.

आणि या मेलमधलं एक वाक्यच फॉरमॅटची शंका खोडून काढायला पुरेसं होतं. दिवस आणि महिना उलटे झाले असते तर १२ जूनची ६ डिसेंबर झाली असती. ११ जून कधीच झाली नसती. तारीख नेमकी एक दिवस मागे सरकते, तेव्हा फॉरमॅटकडे बघायचं कारण उरत नाही, संशय सरळ टाइमझोनवर जातो. "दुसऱ्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याला बरोबर दिसते" या वाक्याने तर त्या संशयावर शिक्काच मारला असता.

मग मेलपासून तिकिटापर्यंतच्या वाटेवर हे सगळं गळलं कुठे? सपोर्टमधल्या सहकारीने काम निष्काळजीपणे केलं असं मुळीच नाही. डेव्हलपरना तांत्रिक भाषेत सांगितलेलं बरं, उपाय सुचवला तर त्यांचा वेळ वाचेल, असं तिला मनापासून वाटलं. म्हणून तिने ग्राहकाच्या म्हणण्याचा अर्थ लावला आणि ट्रॅकरमध्ये तो अर्थ टाकला. "११ दिसते, हवी १२" हे जे दिसलं ते मागे राहिलं आणि "फॉरमॅट मिक्स होतोय" हा अंदाज पुढे गेला. "बहुतेक" हा शब्द तिने प्रामाणिकपणे लिहिला होता. पण शीर्षकात तो नव्हता, आणि बोर्डवर सगळे वाचतात ते शीर्षकच.

माझं ठाम मत असं की तिकिटाचं सगळ्यात जास्त नुकसान अपुऱ्या माहितीने होत नाही. माहिती अपुरी असली तर निदान कुणीतरी विचारतं. निरीक्षणाच्या जागी निदान लिहिलेलं असलं की तिकीट भरलेलं दिसतं, वाचणाऱ्याला प्रश्न पडत नाही आणि तो कामाला लागतो.

पहिली दुरुस्ती

पहिल्या डेव्हलपरने तिकिटात जे मागितलं ते चोख केलं. अ‍ॅपमध्ये तारखा दाखवायच्या दोन-तीन वेगवेगळ्या पद्धती खरोखरच होत्या. त्याने एक सामाईक फंक्शन घेतलं, सगळी पानं त्यातून नेली, फॉरमॅट एकसारखा केला. रिव्ह्यूमध्ये कौतुक झालं आणि ते योग्यच होतं, कोड आधीपेक्षा स्वच्छ झाला होता. रिलीज गेलं, तिकीट बंद झालं.

ग्राहकाचं उत्तर आलं: यादीत अजून ११ जूनच आहे, आणि आता आत गेल्यावरही ११ जून दिसते.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, इतकंच झालं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण इथे आधी बरोबर असलेलं तपशिलाचं पानही चुकायला लागलं. यादीवर शंका आली की आत जाऊन खात्री करायची, ही ग्राहकाने स्वतः शोधलेली पळवाट आम्ही बंद करून टाकली.

तिकीट रिओपन झालं. रिओपन करताना कमेंट पडली: "क्लायंट म्हणतो अजून प्रॉब्लेम आहे." कुठला प्रॉब्लेम, कुठल्या पानावर, आधीपेक्षा काय बदललं, यातलं काहीच नाही. तपशिलाचं पान नव्याने बिघडलंय, ही या टप्प्यावरची सगळ्यात मोलाची बातमी होती आणि तीही पुन्हा इनबॉक्समध्येच राहिली.

"माझ्याकडे बरोबर दिसतंय"

दुसऱ्या डेव्हलपरने स्टेजिंगवर, म्हणजे अ‍ॅपच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर, लॉगिन केलं, १२ जूनची रजा टाकली, मंजूर केली, यादी उघडली. १२ जून. आत गेली, तिथेही १२ जून. तिने लिहिलं, "माझ्याकडे बरोबर दिसतंय, रिप्रोड्यूस होत नाही," आणि तिकीट बंद केलं.

ही प्रथा जुनी आहे. १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पासोबत खुल्या झालेल्या बगझिला या बग-ट्रॅकरमध्ये तिकीट बंद करायच्या कारणांत 'वर्क्स फॉर मी' हे एक अधिकृत कारणच आहे. त्याला माझा विरोध नाही. प्रयत्न करूनही बग दिसत नसेल तर तसं सांगायलाच हवं. पण "माझ्याकडे" म्हणजे कुठे, हे लिहिल्याशिवाय त्या वाक्यातून कुणालाच काही मिळत नाही. बिल्ड (अ‍ॅपची आवृत्ती) कुठला, ब्राउझर कुठला, यूजर कुठल्या भूमिकेचा, मशीनचा टाइमझोन कुठला, हे चार तपशील कमेंटमध्ये असते तर पुढच्या वाचकाला फरक लगेच दिसला असता. तिचं मशीन यूटीसीच्या, म्हणजे जगभरच्या घड्याळांसाठी आधार धरलेल्या प्रमाणवेळेच्या, पुढे होतं आणि ग्राहकाचं यूटीसीच्या पाच तास मागे. ती त्याच जागी बसून कितीही वेळा तपासत राहिली असती तरी बग दिसलाच नसता.

रिप्रोड्यूस न होणं हीसुद्धा माहिती असते. कुठे होत नाही हे कळलं की कुठे होतो याचा पट्टा अरुंद होतो. बंद करणाऱ्याकडून एवढी नोंद मागणं मला रास्त वाटतं. चांगलं तिकीट लिहिण्याची सगळी जबाबदारी उघडणाऱ्यावर ढकलली जाते, ते बरोबर नाही.

तिकीट नव्याने लिहिताना

मी कोड न उघडता आधी सपोर्टला फोन केला आणि ग्राहकाच्या दोन्ही मेल जशाच्या तशा मागवल्या. मग ग्राहकाला तीनच प्रश्न पाठवले: तुमच्या कॉम्प्युटरवर टाइमझोन कुठला आहे? ज्या सहकाऱ्याला १२ दिसते, त्याचा कुठला? ही यादी तुम्ही आणखी कुठे वापरता? पहिल्या दोन प्रश्नांनी बग उघडा पाडला. तिसरा मी सवयीने विचारला होता, पण त्याच्या उत्तराने या प्रकरणाचं वजनच बदललं. त्याच्याकडे पुढे येतो.

नवं तिकीट असं झालं:

शीर्षक: "यूटीसीच्या मागच्या टाइमझोनमध्ये रजेची तारीख एक दिवस आधीची दिसते (यादी, तपशील, एक्सपोर्ट)"

ग्राहकाचे शब्द: दोन्ही मेलमधला संबंधित मजकूर, एकही शब्द न बदलता.

कसं दिसेल: "१. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सेन्सर्स पॅनल उघडा आणि लोकेशन सॅन फ्रान्सिस्को निवडा. २. पान रिफ्रेश करा. ३. कर्मचारी म्हणून १२ जूनची एक दिवसाची रजा टाका. ४. मॅनेजर म्हणून मंजूर करा. ५. पुन्हा कर्मचारी म्हणून 'माझ्या रजा' उघडा."

अपेक्षित: १२ जून. प्रत्यक्षात: ११ जून. लोकेशन टोकियो ठेवून हेच केलं तर १२ जून, म्हणजे बरोबर.

कधीपासून: "यादीत आधीपासून. तपशिलाच्या पानावर मात्र फॉरमॅट एकसारखा करणाऱ्या रिलीजनंतर, त्याआधी तिथे बरोबर होतं."

डेटा: "डेटाबेसमध्ये आणि एपीआयच्या (सर्व्हरकडून ब्राउझरला येणाऱ्या) उत्तरात तारीख १२ जूनच आहे. चूक फक्त ब्राउझरमध्ये दाखवताना होते."

परिणाम: "एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्येही चुकीची तारीख जाते. ग्राहक ती फाइल पगाराच्या सिस्टिममध्ये टाकतो."

अंदाज (खात्री नाही): "सामाईक फंक्शन तारखेचं रूपांतर स्थानिक वेळेत करत असावं."

झालं कधी म्हणायचं: "यूटीसीच्या मागे, यूटीसी आणि यूटीसीच्या पुढे अशा तिन्ही टाइमझोनमध्ये यादी, तपशील आणि एक्सपोर्टमध्ये तीच तारीख दिसावी जी यूजरने निवडली."

यातला 'कधीपासून' हा भाग टेम्प्लेटमध्ये क्वचित असतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. एखादं पान आधी बरोबर होतं आणि अमुक रिलीजनंतर चुकलं, एवढं कळलं की शोध त्या रिलीजमध्ये बदललेल्या कोडपुरता उरतो. इथे तो थेट सामाईक फंक्शनवर येऊन थांबला. पहिल्या डेव्हलपरची मेहनत अशी अनपेक्षितपणे कामी आली. त्याने सगळी पानं एका वाटेने नेली नसती तर बग इतका एका जागी सापडला नसता.

अंदाज वेगळ्या रकान्यात ठेवण्याबद्दलही थोडं. अंदाज लिहूच नये असं मी म्हणणार नाही. सपोर्टमधल्या, टेस्टिंगमधल्या लोकांना अ‍ॅपची नस कळलेली असते आणि त्यांचे अंदाज अनेकदा अचूक निघतात. पण अंदाज हा अंदाज म्हणूनच दिसला पाहिजे. वाचणाऱ्याला तो बाजूला ठेवून फक्त घडलेल्या गोष्टी वाचता आल्या पाहिजेत.

नेमकं बिघडलं काय होतं

एपीआयकडून तारीख '२०२४-०६-१२' अशी, वेळ नसलेली यायची. सामाईक फंक्शन तिचा जावास्क्रिप्टमधला डेट ऑब्जेक्ट बनवायचं. एक्मास्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या मानकाप्रमाणे अशी फक्त तारखेची स्ट्रिंग यूटीसीमधली मध्यरात्र म्हणून वाचली जाते. त्याच स्ट्रिंगला वेळ जोडली आणि ऑफसेट (यूटीसीपासूनचं अंतर) दिला नाही, तर ती स्थानिक वेळ म्हणून वाचली जाते. या विसंगतीत भलेभले अडकतात. यूटीसीची १२ जूनची मध्यरात्र म्हणजे पाच तास मागे असलेल्या ठिकाणी ११ जूनच्या संध्याकाळचे सात. पुढे फक्त दिवस छापला की ११ जून. पुढच्या टाइमझोनमध्ये घड्याळ मध्यरात्रीच्या पलीकडे, त्याच दिवसात जातं, म्हणून तिथे सगळं बरोबर वाटतं.

दुरुस्ती सरळ होती. रजेची तारीख हा काळातला एक क्षण नाही, तो कॅलेंडरवरचा एक चौकोन आहे. तिला टाइमझोनच्या फेऱ्यात न घालता वर्ष, महिना, दिवस असेच तीन भाग धरून दाखवायचं. सोबत टाइमझोन बदलून चालणारी एक टेस्ट जोडली. आमचा सीआय सर्व्हर, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारं मशीन, यूटीसीवर चालत असल्यामुळे हा बग तिथेही कधी दिसला नव्हता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

ग्राहकाने लिहिलं की महिनाअखेरीला ते यादी सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) एक्सपोर्ट करतात आणि पगाराच्या सिस्टिममध्ये टाकतात. आमचा एक्सपोर्ट ब्राउझरमध्येच, यादीतल्या मजकुरावरून बनायचा. म्हणजे चुकीची तारीख स्क्रीनपुरती नव्हती. महिन्याच्या १ तारखेची रजा त्या फाइलमध्ये आदल्या महिन्यात जात होती.

मूळ तिकिटावर 'अर्जंट' लिहिलेलं होतंच, मग वेगळं काय झालं? ते 'अर्जंट' ग्राहक किती मोठा आहे त्यावरून आलं होतं, नुकसान किती आहे त्यावरून नाही. गांभीर्य आणि प्राधान्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बगझिलामध्ये त्यांना वेगळे रकाने आहेत ते उगाच नाही. नुकसान किती, हे नोंदवणारा सांगू शकतो. आधी काय हातात घ्यायचं, हे बाकीची कामं समोर असणाऱ्याने ठरवायचं. सगळ्यावरच 'अर्जंट' लिहिलेलं असलं की तो शब्द कुणी वाचत नाही. आमच्या पहिल्या दोन्ही डेव्हलपरनी तो वाचला नव्हता, आणि त्यांना दोष देता येणार नाही. "चुकीची तारीख पगारात जाते" हे वाक्य मात्र टीममधल्या प्रत्येकाने वाचलं. हातातली कामं बाजूला ठेवायला कुणाला सांगावं लागलं नाही.

मूळ तिकिटातल्या "एक्सपोर्टही स्लो आहे" या वाक्याने इथे आणखी एक अडथळा केला होता. पहिल्या डेव्हलपरने त्यासाठी एक्सपोर्ट चालवून बघितला, किती वेळ लागतो ते मोजलं, ठीक वाटलं आणि पुढे गेला. फाइल त्याच्या हातात होती, पण तो वेग बघत होता. एका तिकिटात दोन तक्रारी आल्या की दुसरी अशी वरवर बघितली जाते, आणि तिकीट बंद कधी करायचं हेही कळत नाही. मी ती तक्रार वेगळी काढली आणि किती ओळी, किती वेळ, आधी किती लागायचा, एवढं विचारलं. उत्तर आलं की आता त्रास नाही. ते तिकीट तिथेच बंद झालं.

टेम्प्लेटमध्ये काय बदललं

अशा प्रकरणानंतर टेम्प्लेटमध्ये पंधरा-वीस रकाने घालून सगळे सक्तीचे करायचा मोह होतो. आमच्याकडेही तशी सूचना आली आणि मी विरोध केला. सक्तीच्या रकान्यात लोक टिंब टाकतात, 'लागू नाही' लिहितात, नाहीतर तिकीटच उघडत नाहीत आणि चॅटवर सांगून मोकळे होतात. २००८ मध्ये अपाची, एक्लिप्स आणि मोझिला या प्रकल्पांतल्या डेव्हलपर आणि रिपोर्टर यांचं एक सर्वेक्षण प्रसिद्ध झालं, त्याला ४६६ प्रतिसाद होते. त्यात हाच पेच दिसतो: बग पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या, स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठे झाली याचा माग) आणि टेस्ट केस यांचा डेव्हलपरना सगळ्यात जास्त उपयोग होतो, आणि नोंदवणाऱ्यांना नेमकं तेच देणं सगळ्यात अवघड जातं. रकाना सक्तीचा केल्याने अवघड गोष्ट सोपी होत नाही.

म्हणून दोन गोष्टी केल्या. जे यंत्राला माहीत आहे ते माणसाला विचारायचं नाही: अ‍ॅपमधलं मदतीचं बटण आता बिल्ड नंबर, ब्राउझर, पानाचा पत्ता आणि टाइमझोन आपोआप जोडतं. टाइमझोन ब्राउझरकडून एका ओळीत मिळतो, त्यासाठी ग्राहकाला त्रास द्यायची गरजच नव्हती. आणि सपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये वर एकच मोठा रकाना आला, 'ग्राहकाचे शब्द, जसेच्या तसे', त्याखाली 'तुम्हाला काय वाटतं'. पहिल्यात बदल करायचा नाही, दुसरा रिकामा सोडला तरी चालतो.

हा बदल मांडला तेव्हा मूळ तिकीट लिहिणाऱ्या सहकारीचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं. ग्राहकाची साधी भाषा डेव्हलपरकडे तशीच पाठवली तर आपण काम केलंच नाही असं दिसेल, अशी तिला भीती होती. ही भीती रकाने बदलून जात नाही. डेव्हलपरनी तिला सांगावं लागलं की "११ दिसते, आत १२ दिसते, सहकाऱ्याला १२ दिसते" यापेक्षा जास्त तांत्रिक काही त्यांना नको आहे. त्यांनी ते सांगितलं, आणि नुसतं सांगून न थांबता या तिकिटाचं जुनं आणि नवं रूप समोर ठेवून दाखवलं.

तिकीट बंद करतानाची नोंद अशी राहिली: कारण, कमिट, कुठल्या रिलीजमध्ये गेलं, कुठल्या तीन टाइमझोनमध्ये कुणी तपासलं. सोबत दोन तिकिटं जोडली गेली. एकात सामाईक फंक्शन वापरणारी बाकीची पानं तपासायची होती. सुट्ट्यांचं कॅलेंडर आणि रुजू झाल्याची तारीख या दोन ठिकाणी तोच बग निघाला. दुसरं तिकीट सपोर्टकडे गेलं: यूटीसीच्या मागच्या टाइमझोनमधल्या ज्या ग्राहकांनी या काळात रजा एक्सपोर्ट केल्या, त्यांची यादी काढून, कुठल्या महिन्यांच्या फाइल पुन्हा काढायच्या हे प्रत्येकाला कळवायचं. कोड दुरुस्त झाला तरी आधी डाउनलोड झालेल्या फाइल आपोआप सुधारणार नव्हत्या, म्हणून शेवटच्या ग्राहकाचं उत्तर येईपर्यंत ते तिकीट उघडंच ठेवलं.